मामाची मांडी

भाच्याचे कान टोचायचे तर मांडी मामाची लागते, आणि माझा उजवा गुडघा त्या दिवशी मांडी घालू देत नव्हता.

"पाय लांब करून बसा की, भाऊ," कान टोचायला आलेले सोनार बंडोपंत पोतदार म्हणाले. "पोराला मांडी मिळाली म्हणजे झालं. वाकडी का असंना."

डुबलांच्या सोप्यात सगळे हसले. मीही हसलो. पाहुण्यांच्या घरी आपल्या पायावर कुणी विनोद केला तर आपण आधी हसून घ्यावं, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत, हे मी फार लवकर शिकलो होतो.

डुबल म्हणजे माझी बहीण हौसा हिचं सासर. कृष्णाकाठचं बागायती गाव, दारात जीप, परसात गुऱ्हाळाचं चुलाण. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. हौसाचा मुलगा नुकता रांगायला लागला होता. बाळंतपण आमच्याकडं तासगावला झालं, बारसंही तिथंच झालं, पण कान तेवढे राहिले होते. ते आमच्या आईनंच राहू दिले होते.

"आमच्या उंबऱ्याच्या आत नको, विहीणबाई," बारशाला ती हौसाच्या सासूला म्हणाली होती. "आमच्यात मुलाच्या अंगाला सुई लावत नाहीत. देवीचं आहे. तुमच्या घरी न्या आणि खुशाल टोचा. पोरगं डुबलांचं. आमच्या देवीचा त्याच्याशी काय संबंध?"

सासूला ते पटलं. ज्याच्या त्याच्या घरचा कुळाचार. आई खरं तेच बोलली होती, फक्त सगळं बोलली नव्हती.

माझा थोरला भाऊ दात येताना जीभ चावली म्हणून गेला. जिभेला लागल्यानं कुणी मरतं का? तो मेला. मधला झोपाळ्यावरून पडला, अंगावर ओरखडाही नव्हता, संध्याकाळपर्यंत डोळे उघडले नाहीत. थोरला गेला तेव्हा एका देवऋषीनं आईला सांगितलं होतं, की आम्हा तोडकरांच्या पणज्यानं कबूल केलेला बोकड दिला नाही, म्हणून देवी या घरातल्या मुलांचं रक्त मागून घेते. मधला गेल्यावर आईची खात्रीच पटली. मी तिसरा. मला तिनं गादीवर वाढवलं. ना विटीदांडू, ना झाडावर चढणं. तरी कुठं टेकलो की काळानिळा डाग उठायचा आणि गुडघा भोपळ्याएवढा व्हायचा. गुडघ्यात पाणी भरतंय, असं आम्ही म्हणायचो. पुढं मी शाळेसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. कागदसुद्धा कापतो हे ज्याला पक्कं माहीत आहे असा दुकानदार तालुक्यात मी एकटाच असेन.

लग्न केलं नाही. आईनं देवीच्या पायावर हात ठेवायला लावून तसं वचन घेतलं होतं. "पोरं मरताना बघायला आणखी एका बाईला या घरात आणू नको," म्हणाली. आमच्या दुकानात शाळेच्या शिवणाच्या बाई यायच्या, मंदाकिनी नावाच्या. एक दस्ता कागद घ्यायला अर्धा तास लावायच्या. मी त्यांना कागदच दिले.

तर त्या सकाळी पोतदारांची पेटी सोप्यात यायच्या आधी हौसानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीवर घुगऱ्या रटरटत होत्या. तिनं पोराचं झबलं वर केलं.

काखेखाली दोन्ही बाजूंना निळसर ठसे होते. आपण पोराला उचलताना बोटं जिथं लागतात, नेमके तिथं. गुडघ्यांवरही होते.

"आत्याबाई म्हणतात, मी आदळआपट करते पोराला," हौसा सासूबद्दल म्हणाली. "दादा, तुझे असेच असायचे ना रं?"

असेच असायचे. पण मी काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "रांगतंय ते. फरशी कडक आहे यांची."

"टोचू नका म्हणून सांग की तू. मामा आहेस. तुझं ऐकतील."

"काय कारण सांगू? आमची देवी? हौसा, हा डुबल आहे. आपलं आपल्या उंबऱ्याच्या आत. आईनंच सांगितलंय, आणि आईपेक्षा कुणाला जास्त माहीत आहे?"

हे मी तिची समजूत काढायला बोललो नाही. मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. बाधा तोडकरांची. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं कूळ बदललं, देव बदलला, मग रक्त कसं तेच राहील? आणि दुसरंही एक होतं. माझी धाकटी बहीण नलू हिचं लग्न हौसाच्या नवऱ्याच्या, यशवंतदाजींच्या, चुलतभावाशी ठरलं होतं. तिचे होणारे सासरे, आप्पा डुबल, बाहेर सोप्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यासमोर घरची बाधा कोण काढणार?

हौसानं झबलं खाली ओढलं. "बरं," म्हणाली, आणि घुगऱ्यांकडं वळली.

मग मी सोप्यात येऊन पाय लांब करून बसलो, आणि माझ्या मांडीवर पोरगं आलं. त्याचं नाव प्रल्हाद ठेवलं होतं. गरम, जड, दुधाचा वास येणारं. ते माझ्या मिशीशी खेळायला लागलं.

पोतदारांनी माझी पाठ उन्हाकडं करायला लावली. मग त्यांनी पोराच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. "हे बघा, मामा. या तांबड्या बारीक रेघा दिसतात ना, त्या शिरा. झाडाच्या पानासारख्या फुटत गेलेल्या. यांच्या मधली जागा धरायची. शीर चुकवली की रक्त येत नाही, आलं तर एखादा थेंब. आमच्या वाडवडिलांपासनं असंच."

मी वाकून बघितलं. उन्हात ती पाळी गुलाबी दिसत होती, आणि आतल्या रेघा इतक्या बारीक की डोळ्यांवर ताण द्यावा लागे. माझ्या कानात असल्या रेघा कुणी कधी बघितल्या नव्हत्या.

सोन्याची तार खोबरेल तेलात बुडवून त्यांनी एका झटक्यात आरपार काढली. पोरानं श्वास ओढला, तोंड उघडलं, आणि बऱ्याच वेळानं आवाज बाहेर पडला. दुसरा कानही झाला. प्रत्येक कानाला एकेक थेंब आला. पोतदारांनी हळद लावली, थेंब थांबले. सासूबाईंनी पोराच्या जिभेवर गूळ ठेवला.

"झालं," पोतदार म्हणाले. "मामानं मात्र डोळे मिटले होते."

पुन्हा सगळे हसले. सासूबाई मला म्हणाल्या, "आता तुमचा बार उडवा, भाऊ. किती दिवस बहिणींच्या पोरांनाच मांडी देणार?"

"माझी मिशी पसंत पडत नाही मुलींना, मावशी," मी म्हणालो.

परतीची एस.टी. दुपारची होती. तिनं जायचं असं मी आईला सांगून आलो होतो. पण जेवण झालं, दाजी म्हणाले चला सोडतो स्टँडवर, आणि मी उठलो नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. तो दुखतच होता, पण थांबलो ते त्यासाठी नाही.

एक गोष्ट त्या घरात फक्त मला माहीत होती. आमच्या अंगाला लागलं की रक्त आधी थांबतं. चारचौघांसारखंच थांबतं. घरचे सुटलो म्हणतात, कामाला लागतात. आणि मग काही तासांनी ते पुन्हा सुरू होतं, अगदी हळू, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं हळू, आणि त्यानंतर थांबायचं नाव घेत नाही. त्यामुळं त्या कोरड्या कानांचा मला काडीचा विश्वास वाटत नव्हता. हा डुबल आहे, हा डुबल आहे, असं मी मनात घोकत होतो आणि दर थोड्या वेळानं झोळीत डोकावत होतो.

"सोनं नकली आहे काय बघताय, मामा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, झोप लागली का बघतोय."

ऊन परसात उतरलं. आप्पा सुपारी खाऊन लवंडले होते. हौसानं झोळीतून पोराला उचललं आणि ती तशीच उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या हातातल्या दुपट्यावर, डोकं टेकतं तिथं, एक ओला डाग होता. फार मोठा नव्हता. ताज्या कुंकवाच्या रंगाचा.

"तार ओढली असंल पोरानं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हळद दाबली. मग तुरटी. मग शेजारच्या कुणीतरी चहापूड लावायला सांगितली, तीही लावली. प्रत्येक वेळी थांबल्यासारखं व्हायचं आणि त्या पुडीखालून लाल रेघ पाझरायला लागायची. डाव्या पाळीची जांभळी गोळी झाली होती. पोतदारांना बोलावणं गेलं. ते धावत आले, पाळी उजेडाकडं धरून बघू लागले, पण आता त्यातून उजेड पलीकडं जातच नव्हता.

"शीर मी चुकवली होती," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंय, मामा. चुकवली होती मी."

"चुकवली होती," मी म्हणालो.

दुपट्यामागून दुपटी भिजली. पोरगं आधी रडत होतं, मग किरकिरत होतं, आता गप्प झालं होतं आणि ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. ओठांचा रंग उतरला होता. सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधत होत्या. हौसा माझ्याकडं बघत होती. सगळं माझ्यावर सोडून नुसती बघत होती.

बोललो तर हौसाला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, नलूचं ठरलेलं मोडणार, आणि आई मला दारात उभं करणार नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर थोरला भाऊ आला, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं.

मी लेंग्याचा पाय गुडघ्याच्या वर ओढला. सकाळी सगळे ज्याच्यावर हसले होते तो गुडघा पहिल्यांदाच परक्या माणसांसमोर उघडा पडला. सुजलेला, निळा-हिरवा, वाकडा.

"दाजी, हे बघा," मी म्हणालो. "हे मला आहे. जन्मापासनं आहे. माझे दोन भाऊ यानंच गेले. आमचं रक्त थांबत नाही. पोराला तेच झालंय, कसं झालंय मला कळत नाही, पण तेच आहे. हळदीनं थांबणार नाही. जीप काढा, शहरात चला."

आप्पा उठून बसले होते. सासूबाईंच्या मुठीत मीठ-मोहऱ्या तशाच होत्या.

"हे माहीत होतं तुम्हाला?" त्या सावकाश म्हणाल्या. "आणि मांडी दिलीत?"

"हे फक्त आमच्या घरात आहे असं वाटत होतं, मावशी."

जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की दाजी केव्हाच बाहेर गेले होते.

रस्त्यात हौसा पोराला छातीशी धरून होती आणि मी दोन बोटांनी त्याची पाळी दाबून धरली होती. माझ्या बोटांना त्याची नाडी लागत होती, चिमणीसारखी. आत कुठंतरी एवढंसं काळीज रक्त ढकलतंय, ते त्या बारीक रेघांतून फिरून येतंय, आणि दर फेरीला थोडं माझ्या बोटांवर सांडतंय. मी देवीला शिव्या घातल्या. मग घाबरून माफीही मागितली.

इस्पितळात रेगे नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोराआधी माझ्या पायाकडं बघितलं. मग पोराचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि ती नळी थांबून थांबून कलती करू लागल्या. रक्त पाण्यासारखं इकडून तिकडं हलत होतं. त्यांनी शेजारी दाजींच्या रक्ताची नळी ठेवली होती. ती उलटी केली तरी रक्त तळाशी दह्यासारखं धरून राहिलं.

"ताजं रक्त लागेल," त्या म्हणाल्या. "त्यातला पाण्यासारखा भाग काढून बाळाला देऊ. त्यात याला हवं ते आहे."

"माझं घ्या," मी बाही वर केली. "मामा आहे मी त्याचा."

त्यांनी माझी बाही स्वतःच्या हातानं खाली केली. "तुमचं सोडून कुणाचंही चालेल," त्या म्हणाल्या.

रक्त दाजींनी दिलं, आणि जीपमागोमाग फटफटीवरून आलेल्या आप्पांनीही दिलं. उजाडता उजाडता पोराच्या कानाचं रक्त थांबलं. ते खरंच थांबलं आहे यावर विश्वास ठेवायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार लागली.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं. दाजी शेतकरी माणूस, त्यांनी सरळ विचारलं, "नक्की काय नाही याच्या रक्तात?"

"तुमच्या शेतात पाट फुटला तर काय करता?"

"आधी ढेकळं टाकतो. पण नुसती ढेकळं वाहून जातात. मग गवताचा पेंढा घालून चिखलानं लिंपतो."

"तसंच. शीर फुटली की आधी ती स्वतः आक्रसते. मग रक्तातल्या बारीक चकत्या भोकात जाऊन बसतात. ती तुमची ढेकळं. म्हणून सुरुवातीला थांबल्यासारखं वाटतं. मग त्यावर धाग्यांचं जाळं विणलं जातं, तो पेंढा. ते विणायला रक्तात बरेच गडी एकापाठोपाठ एक राबतात. या बाळाच्या रक्तात त्यातला एक गडी कामावर आलेलाच नाही. मामांच्याही."

"पण आमची बाधा त्याच्याकडं कशी गेली?" मी विचारलं. "तो डुबल आहे."

"तुमच्या वडिलांना होतं हे?"

वडिलांच्या पायावर ऊस तोडताना दोनदा कोयता बसला होता. फडकं बांधून दुसऱ्या दिवशी ते फडात. "नाही," मी म्हणालो.

"चुलत्यांना?"

"नाही."

"आईच्या भावांना?"

आईला दोन भाऊ होते. दोघंही चड्डीच्या वयातच गेले. कशानं गेले ते आईनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मामा नसलेलं आजोळ, एवढंच मला माहीत होतं.

"हे आईकडून मुलाला येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईला स्वतःला बहुधा काही होत नाही, म्हणून कळत नाही. तुमच्या आईकडून तुम्हाला आलं, तुमच्या बहिणीकडून हिच्या बाळाला. धाकटी बहीण आहे म्हणालात, तिच्यातही असू शकेल, नसूही शकेल. तिला लग्नाआधी सांगा. तुम्हाला मुलं किती?"

"लग्न नाही केलं."

"का?"

"मुलगे झाले असते तर…" मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "तुमच्या एकाही मुलाला हे झालं नसतं. बाप मुलाला हे देऊच शकत नाही. मुलींच्या अंगात लपून राहिलं असतं, त्यांच्या मुलांना जपावं लागलं असतं. पण तुमचे मुलगे ठणठणीत निघाले असते."

हौसानं माझा हात धरला. मला फार राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. देवीवर ठेवावा तर तिचा काही संबंधच नव्हता. शिवणाच्या बाई बदली करून घेऊन केव्हाच कोल्हापूरला गेल्या होत्या.

मी तासगावला परतलो. नलूला पुढं मी दुकानात बसवून सगळं सांगितलं. ती स्वतः आप्पांशी बोलली. आप्पा म्हणाले, रक्त दिलंय मी त्या पोराला, आता काय मागं फिरायचं, आणि ते लग्न झालं. पण ते नंतरचं.

मी परतलो त्या दिवशी आई उंबऱ्यावर बसून होती, निरोप तिला आधीच पोचला होता. मला बघून उठली नाही.

"पोरगं?"

"आहे. बरं आहे."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "तोडकरांचं तिकडं कसं गेलं रं? मी तर सांगितलेलं, खुशाल टोचा म्हणून. माझ्याच तोंडानं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, कुणाकडनं आलं?"

तिनं दोन भाऊ पुरले होते, दोन मुलं पुरली होती. एवढं सगळं तिनं सासरच्या देवीच्या नावावर लोटून कसंबसं पेललं होतं. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो, पाय लांब करून.

"देवीचंच आहे," मी म्हणालो. "तोडकरांचंच."

"मला वाटलंच." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, सुजल्या जागी, हलका. "बघ, तू लग्न केलं नाहीस ते किती बरं झालं. तुझ्या पोरांचं असंच झालं असतं."

"हो," मी म्हणालो. "बरंच झालं, आई."